क्रुसेडर किंग्ज २: अलेक्झांडर घोड्यावरून पडलाच नसता तर?

१९ मार्च १२८६ च्या वादळी रात्री किंगहॉर्नजवळ घोड्यावरून पडून स्कॉटलंडचा राजा अलेक्झांडर तिसरा गेला. त्याचे दोन मुलगे आणि मुलगी आधीच वारले होते. वारस उरली नॉर्वेतली जेमतेम तीन वर्षांची नात मार्गारेट, आणि १२९० मध्ये तीही ऑर्कनीत वारली. मग गादीला १३ दावेदार! हा डाव उलटा मांडून बघायचा तर क्रुसेडर किंग्ज या मध्ययुगीन राजघराणी चालवायच्या कॉम्प्युटर गेमचा दुसराच भाग घ्या. तिसऱ्या भागात सुरुवातीची वर्षं ठरलेली आहेत, त्यात १२८६ नाही. दुसऱ्यात १०६६ ते १३३७ मधली हवी ती तारीख टाकता येते, आणि मूळ गेम २०१९ पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात फुकट आहे.

फेब्रुवारी १२८६ टाका आणि अलेक्झांडर निवडा. गेम त्याला मार्चमध्ये मारत नाही. इतिहास तुम्ही ‘सुरू’ दाबेपर्यंतचाच. राजा ४४ वर्षांचा, त्यामुळे पहिलं काम म्हणजे मुलगा होणं. वारसा कायदा प्रायमोजेनिचरवर (सगळं थोरल्याला) ठेवा. गॅव्हलकाइंडमध्ये राजपद थोरल्याकडे राहतं, पण बाकीच्या पदव्या नि जहागिरी भावंडांत वाटल्या जातात.

खरी मेख इथं आहे. मुलगा न होता अलेक्झांडर मेला की गादी मार्गारेटला जाते आणि पडद्यावर येतं ‘गेम ओव्हर’. खल्लास बे! कारण वारस तुमच्याच घराण्याचा असावा लागतो, आणि ती बापाकडून नॉर्वेच्या घराण्यातली. म्हणजे खऱ्या इतिहासात जिथून गोष्ट रंगते, तिथं गेम दुकान बंद करतो. स्कॉटिश सरदारांनी फेब्रुवारी १२८४ मध्ये स्कोनला तिलाच वारस मानलं होतं. त्यांना आईकडचं रक्त चालत होतं, गेमला चालत नाही.

राजा मेल्यावरही गोष्ट पुढे खेळायची तर उपाय असा: एखादी तरी काउंटी (परगण्यासारखा मुलूख) हाताशी असलेला स्कॉटिश सरदार घ्या (त्याखालचा बॅरन निवडता येत नाही). मग कन्सोल (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडून ‘चारइन्फो’ चालू करा, राजाचा क्रमांक बघा आणि ‘किल’पुढे तो क्रमांक द्या. आयर्नमॅन मोडमध्ये (मागचा सेव्ह उघडू न देणाऱ्या कडक प्रकारात) कन्सोल चालत नाही.

दाव्यांचा हिशेब मात्र तोकडा वाटतो. पक्का दावा मुलांना मिळतो तोच कच्चा होऊन, आणि कच्चा दावा पुढे उतरत नाही. नोव्हेंबर १२९२ मध्ये बेरिकला त्या १३ दावेदारांचा निकाल लागला तो याच्या कितीतरी मागे जाऊन: राजघराण्यातल्या जुन्या पिढीच्या हंटिंग्डनच्या डेव्हिडच्या थोरल्या लेकीकडून पणतू असलेला जॉन बॅलिओल जिंकला, दुसऱ्या लेकीचा मुलगा रॉबर्ट ब्रूस हरला. एक पिढी जवळचा म्हणून आपला हक्क मोठा, ही ब्रूसची बाजू बसेल असा कायदा गेममध्ये नाहीच. ब्रूसला राजा करायचाच तर निवडणूक पद्धत आणावी लागते. तिसऱ्या लेकीकडून आलेल्या हेस्टिंग्जने राज्याचे तीन वाटे मागितले होते. राजपद फुटत नाही म्हणून मागणी फेटाळली. एवढं गेमने बरोबर पकडलंय.

लग्नाच्या बाबतीतही असंच. चाँदबीबीच्या लग्नात सोलापूरचा किल्ला आंदण गेला, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गेममध्ये आंदणात मुलूख देताच येत नाही. १२९० च्या बर्गमच्या करारात मार्गारेटचं लग्न इंग्लंडच्या युवराजाशी ठरताना स्कॉटलंड वेगळं राहील अशी अट होती. असली अट घालायचीही सोय नाही. मार्गारेट म्हणून खेळत असाल तर लग्न मातृवंशीय करा, नाहीतर मुलं इंग्लंडच्या प्लँटॅजेनेट घराण्यात जातात. पण परक्या गादीचा वारस तसल्या लग्नाला सहसा तयार होत नाही. धाकटे राजपुत्र बघा.

मराठी भाषा नाही. वंशावळीच्या खिडक्या इंग्रजीतच वाचाव्या लागतात. मे महिन्यात सोलापुरात लॅपटॉप तापतो, तेव्हा वेग पाचवरून तीनवर आणा. ऑटोसेव्हचं अंतर कमी ठेवा. वीज गेली की मधली सगळी वर्षं पुन्हा.