पाहुणे नागपुरात: मेट्रो की दिवसभराची गाडी?

मावशीकडचे लोक आले की आमच्याकडे हाच वाद, गाडी सांगायची की मेट्रोनं फिरवायचं. बजेट टाइट असेल तर मेट्रोच ना बाप्पा, झिरो माइलला उतरा, दगडी खांब बघा, 1863 चा अजब बंगला म्हणजे संग्रहालय तिथून जवळच, मग सीताबर्डीला लाईन बदलून लोकमान्य नगरकडं, एसीत बसून अख्खं शहर वरून दिसते अन् पोरं खिडकी सोडत नाहीत. पण फुटाळा तलावाला मेट्रो जात नाही, तिथं ऑटोच. गुडघेदुखीवाली आजी सोबत असेल अन् शहराबाहेरचं रामटेकही करायचं असेल तर गाडीच परवडते, भाडं सगळ्यात वाटून घ्या. तर्री पोहे मात्र दोन्हीकडं स्वस्तच, डबा बांधून नेऊ नका.