नवे ब्रेक पॅड लावले, पण बसू दिले का? सात महिने, नऊ हजार किलोमीटरनंतरचा अनुभव

गाडी २०१५ची स्विफ्ट, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. मार्चमध्ये पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या) आणि पॅड (ब्रेक मारला की त्यांना दोन्ही बाजूंनी दाबून धरतात ते) नवे घातले. तेव्हापासून नऊ हजार किलोमीटर झाले. कोल्हापूरहून रत्नागिरीला आंबा घाटातून भर पावसातल्या खेपाही त्यातच आल्या.

आधीच्या वेळी नवे पॅड घातले तेव्हा गॅरेजमधून निघालो तो थेट घाटात. घाट उतरून साखरप्यात रहदारीत अडकलो आणि तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून तसाच उभा राहिलो. आठवडाभरात ऐंशीला ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरू लागलं. सगळे म्हणाले, डिस्क वाकली. खरं तर बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. गरम पॅडचा माल एकाच जागी डिस्कला चिकटतो, तिथे पकड वेगळी होते आणि पाय थरथरतो.

या खेपेला काम होईपर्यंत मेकॅनिकच्या शेजारीच उभा होतो. हबवरचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा, गंज तारेच्या ब्रशने घासून घेतला, कारण गंजाची खपली राहिली तरी डिस्क तिरकी बसते. नव्या डिस्कवरचं तेल क्लीनरने पुसलं. नवे पॅड घालताना पॅड ढकलणारे पिस्टन मागे दाबलेले असल्यामुळे पहिल्यांदा पेडल सरळ खाली जातं. म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं, हे विसरू नका!

मग पॅड डिस्कवर नीट बसू द्यायचं काम. दुसऱ्या दिवशी पहाटे मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत, मध्यम जोराने, दहा वेळा वेग उतरवला. एकदाही पूर्ण थांबलो नाही, मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर वारा लागू दिला. आठव्या वेळी जळका वास आला. तो पॅडचा माल बांधून ठेवणाऱ्या रेझिनचा, घाबरू नका. मग दहा किलोमीटर ब्रेकला जवळपास हात न लावता गाडी चालवून डिस्क गार केली. उतरून पाहिलं तर चकचकीत डिस्कवर पाटीसारखा एकसारखा करडा थर आला होता. हाच थर पुढे पकड देतो. नंतरचे तीनशे किलोमीटरही जोराचा ब्रेक टाळला.

आज शंभरलाही स्टिअरिंग शांत असतं, घाटात पेडल शेवटपर्यंत तसंच लागतं. पावसाळ्यात रात्रभर गाडी उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज येतो, पहिल्या दोन ब्रेकला खरखर होते, मग निघून जाते. चाकांवर काळी धूळ मात्र आधीपेक्षा जास्त बसते, दर रविवारी धुवावी लागते. आणि एक, पॅडच्या खोक्यातलं पत्रक आधी वाचा. काही पॅडना वेगळी पद्धत लागते, तिथे माझे आकडे धरू नका.