आरशासारखा ग्रॅनाइटचा खलबत्ता: थाई करीसाठी घेतला, टाकी लावल्यावर चालला

गवती चहाच्या दांड्यांनी मिक्सरच्या चटणीच्या भांड्याचं पातं जाम केलं, म्हणून हा ७ इंची ग्रॅनाइटचा खलबत्ता ऑनलाइन मागवला. वजन-मापं तुम्ही वाचलेलीच असतील. मला बोलायचंय ते पॉलिशबद्दल.

बाहेरून चकचकीत असू दे, काही म्हणणं नाही. पण यांनी आतूनही आरसा केलाय! खल आतून खरबरीत नसेल तर तो खल नाही, जड वाटी आहे. मिरची बत्त्याखालून सटकते आणि थेट डोळ्यात. थायलंडमध्ये चोनबुरीच्या आंग सिला गावचे दगडी खल नावाजलेले आहेत, ते काही चेहरा बघण्यासाठी नव्हे.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर: ‘मॅडम, पॉलिश हीच आमची क्वालिटी.’ बदलून द्या म्हटलं, तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. दगडाचं पार्सल उघडताना शूटिंग कोण करतं? वर परत पाठवायचा खर्च माझा. सहा किलोचं कुरिअर! नाद सोडला आणि एक तारा देऊन टाकला.

मग मिक्सरवरच का नाही परत गेले? मिक्सरला फिरायला पाणी लागतं, आणि पाणी घातलेलं वाटण नारळाच्या दुधात परतलं जात नाही, नुसतं उकळत बसतं. शिवाय पातं गवती चहाचे तुकडे करतं, दोरे तसेच राहतात. घासागणिक दातांतून काढा.

एकदा रस्त्याकडेला पाटे-वरवंटे विकणारे दिसले. खल उचलून नेला. ‘ताई, हा तर बाथरूमचा दगड!’ म्हणत त्यांनी बसल्या जागी आतून टाकी लावून, म्हणजे छिन्नीने ठोकून खरबरीत करून दिला, बत्त्याच्या तोंडालाही. कुरिअरच्या निम्म्या पैशांत काम झालं. घरी येऊन मूठ-मूठ तांदूळ वाटत राहिले, राखाडी पीठ पांढरं येईपर्यंत. ही पायरी टाळू नका, नाहीतर करीत कचकच येते.

तेव्हापासून मत बदललंय. हिरव्या थाई करीच्या वाटणासाठी आधी भाजलेले धणे-जिरे आणि पांढरी मिरी कोरडी कुटायची. ती काढून हिरव्या मिरच्या आणि जाडं मीठ. मीठच निम्मं काम करतं. मग चिवट मंडळी: ओलं कुळिंजन, म्हणजे गलांगल (काष्ठौषधींच्या दुकानातलं वाळकं नको, लाकूड असतं ते; आलंही नको), गवती चहाचा बुडखा, कोथिंबिरीची मुळं. मुळं तर जुडीबरोबर फुकट येतात, इतकी वर्षं केरात जात होती. मकरूट (काफिर) लिंबाची साल मिळत नाही, त्याच्या पानांची शीर काढून बारीक चिरून घालते. लसूण आणि छोटे कांदे शेवटी, कारण त्यांना पाणी सुटतं. कपी, म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण, सगळ्यांत शेवटी. शाकाहारी मित्रमंडळी असली की त्याआधीच त्यांचा वाटा काढून ठेवायचा. त्यांच्या करीत फिश सॉसही नाही, सोया सॉस.

नारळाचं पहिलं घट्ट दूध कढईत तेल सुटेपर्यंत आटवायचं आणि त्यात वाटण परतायचं. पहिल्यांदा सासूबाई ओरडल्या, ‘अगं, फुटलं ना दूध!’ आपल्या कालवणात ज्याची धास्ती, तेच इथे हवं असतं. डब्यातलं दूध बहुतेक वेळा फुटतच नाही, ते फुटू नये म्हणूनच त्यात काहीबाही घातलेलं असतं. त्यामुळे नारळ खवणं आलंच.

आता तक्रारी. आवाज फार. खाली चौपदरी टॉवेल घालून जमिनीवर बसून कुटते, तरी दुपारी दोन ते चार खालच्या काकूंसाठी बंद. आठ माणसांचं वाटण एका वेळी मावत नाही. आणि सोम तमसाठी, म्हणजे कच्च्या पपईच्या थाई कोशिंबिरीसाठी, हा घेऊ नका. पपईच्या किसाचा दगडात लगदा होतो. थाई लोक त्याला मातीचा उभट खल आणि लाकडी बत्ता वापरतात. मी आता पपई परातीत हातानेच चुरते. लसूण-मिरची तेवढी खलात, वरून दाणे भरड कुटून.

तयार पेस्टचा डबा घेणं बंद झालंय, म्हणजे खलाचे पैसे वसूल होतील. खलाला चार तारे. विक्रेत्याचा एक तारा तसाच ठेवलाय. टाकीवाल्यांना तारे द्यायची सोय या पानावर नाही.