‘जुनून’चं मूळ शोधायला बसाल तर हे संकेतस्थळ उघडा

उर्दूतून अनुवाद करताना ‘जुनून’ आला की ‘वेड’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. मी मात्र आधी शिकागो विद्यापीठाचं दक्षिण आशियाई शब्दकोशांचं संकेतस्थळ उघडते. एक पैसा न देता इतके जुने, भरवशाचे कोश एका जागी मिळतात. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते वापरावं असं मला मनापासून वाटतं.

प्लॅट्सचा १८८४चा उर्दू कोश ‘जुनून’ अरबी असल्याचं सांगतो. त्यामागच्या अरबी धातूचा अर्थ झाकणं, नजरेआड करणं. डोळ्यांना दिसत नाही तो जिन, आईच्या पोटात दडलेला गर्भ म्हणजे जनीन, झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत, सगळे त्याच कुळातले. ज्याला जिनाने धरलं तो मजनून. लैलापायी रानोमाळ भटकणाऱ्या कैसला लोकांनी हेच नाव दिलं.

मग त्याच स्थळावर टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश उघडावा. ‘वेडापिसा’मधला ‘पिसा’ तिथे थेट ‘पिशाच’पाशी नेतो. तिकडे जिन, इकडे पिशाच! भुताने झपाटणं आणि झपाटून अभ्यास करणं, क्रियापद एकच. हे कळल्यावर माझ्या अनुवादात ‘जुनून’साठी ‘पिसं’ आणि ‘झपाटलेपण’ दोन्ही येऊ लागले, वाक्य मागेल तसे.

सगळ्यात जास्त रमते ती मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत. ‘हौस’ काढून बघा. शब्द अरबी ‘हवस’वरून आलेला. अरबीत त्याचा अर्थ वेड, ध्यास, उर्दूत तो वासनेकडे झुकला, आणि आपल्याकडे? हौसेने शिवलेलं परकर-पोलकं, हौशी रंगभूमी, हौसेला मोल नाही. इतक्या दाहक शब्दाला मराठीने किती लडिवाळ करून टाकलंय!

उणीव म्हणाल तर मोल्सवर्थ व्युत्पत्तीत फार खोल जात नाही. अरबी, फारसी, संस्कृत यांच्यासाठी एखादं अक्षर छापून पुढे सरकतो, आणि अर्थ सगळे इंग्रजीत. मराठीतून अर्थ हवा असेल, जुन्या ग्रंथांतले दाखले हवे असतील, तर तिथेच दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड आणि १९५०ची पुरवणी म्हणजे त्या मंडळींचं स्वतःचंच एक पिसं.

शोधताना जुनं लेखन लक्षात ठेवा. ‘पिसे’ सापडलं नाही तर अनुस्वार देऊन ‘पिसें’ टाइप करा. अर्थांमध्ये शोधायची सोयही आहे. तिथे वेडासाठीचा इंग्रजी शब्द टाकलात की खूळ, चळ, भ्रम, उन्माद असे शब्द समोर येऊ लागतात. घाई असेल तर निव्वळ मोल्सवर्थ पुरे. शब्दाचं मूळ हवं असेल तर टर्नरशिवाय उठू नका.