सोलर दुरुस्तीच्या नावाखाली 10,949 रुपये आणि तांब्याचे एक पॅनेल

गच्चीवरच्या सोलरचे पाणी तापेना, म्हणून इंटरनेटवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर मी फोन केला आणि फसलो. असे क्रमांक कोण टाकून ठेवतो हे आता सर्वांना ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक होते; परंतु वॉरंटी कार्डावरचा क्रमांक बंद, सांगलीतली डिसेंबरची थंडी आणि घरात वृद्ध आई, अशा वेळी आलेल्या माणसाच्या शर्टावर कंपनीचे चिन्ह दिसले तर कोणीही दार उघडेल.

आमचा सोलर 200 लिटरचा, दोन पॅनेलचा आहे. त्याला पंप नसतो. पॅनेलमध्ये तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते आणि थंड पाणी खाली उतरते. पाइपमध्ये हवा अडकली की हे फिरणे थांबते. भर दुपारी पॅनेलचा वरचा पाइप हाताला चटका देत होता आणि टाकीतले पाणी मात्र गार होते. शिवाय आदल्या दिवशी पाण्याची टाकी धुण्यासाठी सगळे पाणी सोडून दिले होते, हे मीच त्या माणसाला सांगितले. त्याने पान्याने पॅनेल ठोकून पाहिले आणि निदान केले, “बोअरच्या पाण्याचा क्षार आहे, आतून चोक झालंय.” क्षार वर्षानुवर्षे साचतो आणि पाणी हळूहळू कमी तापू लागते. आमचे पाणी एका दिवसात तापायचे थांबले होते. तेवढा एक प्रश्न तिथेच विचारला असता तर पुढचे काही घडले नसते, ही गोष्ट अजून झोपू देत नाही.

तपासणीचे 499, ॲसिडने साफ करण्याचे 7,500, व्हॉल्व्हचे 2,350 आणि वाहतुकीचे 600 रुपये त्याने आगाऊ घेतले, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. बिल मागितले तेव्हा जीएसटीचे 1,971 रुपये जादा पडतील असे म्हणाला. कंपनीचा माणूस असे कधीही म्हणत नाही. एक पॅनेल तो घेऊन गेला, रंगवून परत आणून बसवले, आणि पाणी गारच राहिले. त्यानंतर फोन बंद.

शेवटी गल्लीतल्या प्लंबरने टाकीजवळचा गरम पाण्याचा जोड सैल करून हवा काढली आणि 300 रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी पाणी तापले. परत आलेल्या पॅनेलच्या पाइपला त्याने चुंबक लावला, तो चिकटला. तांब्याला चुंबक चिकटत नाही. आमचे पॅनेल तांब्याचे होते, हे लोखंडाचे निघाले. पॅनेल घराबाहेर जाऊ देण्यापूर्वी त्यावरच्या पट्टीचा, क्रमांकासह, फोटो काढावा.

पोलीस ठाण्यात सांगितले की पैसे तुम्हीच खुशीने पाठवलेत, ही ग्राहकाची तक्रार आहे. सायबरच्या टेबलावर सांगितले की माणूस प्रत्यक्ष घरी आला होता, त्यामुळे हे ऑनलाइन प्रकरण नाही. पॅनेलची चोरी तरी नोंदवा म्हटले, तर ते तुम्ही स्वतः उचलून दिलेत असे उत्तर मिळाले! खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि गाडीचा फोटो समोर ठेवूनही या लोकांना आणखी कोणता पुरावा हवा असतो, आणि तो मी आणून दिला तर मग त्यांनी तपास कशाचा करायचा? अर्जाची पोच मागितली तेव्हा झेरॉक्स काढून आणण्यास सांगितले, आणि झेरॉक्स आणेपर्यंत साहेब निघून गेले होते.

पैसे गेल्याचे लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे. मी हे उशिरा केले. ग्राहकांसाठी 1915 आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. माझी कागदपत्रे आता तिथेच जात आहेत, मात्र प्रतिवादी म्हणून कोणाचे नाव लिहायचे हा प्रश्न वकिलांनाही पडला आहे.