कायोटीसाठी कॉलर आणि लाल लाइट: टेक्सासमधला एक सीझन वापरल्यानंतर

कायोटी म्हणजे कोल्ह्या-लांडग्याच्या जातीतलं अमेरिकन जनावर, आणि हे सगळं रात्री त्याची शिकार करण्याबद्दल. आधी सामान सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सुटका. फॉक्सप्रो कंपनीचा रिमोटवाला कॉलर (गळ्यातला पट्टा नव्हे, आवाज काढून जनावराला बोलावणारं यंत्र), रायफलच्या दुर्बिणीवर बसणारा लाल एलईडी लाइट, शोधायला डोक्यावर वेगळा लाल हेडलॅम्प, बसून वापरायचा ट्रायपॉड आणि .२२३ मापाच्या गोळीची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल. वापर ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत, जमेल त्या शनिवारी रात्री, जंक्शन गावाजवळच्या एका शेळ्यांच्या रँचवर. रँच ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या वडिलांची आहे. दुकानात आणि व्हिडिओंमध्ये सगळा जोर कॉलरवर असतो. माझं मत वापरून वापरून उलट झालंय. कायोटी स्वस्तातल्या आवाजालाही येतो. आलेलं जनावर कायोटीच आहे हे दाखवणारा लाइट मात्र स्वस्तात मिळत नाही.

हा भाग म्हणजे एडवर्ड्स पठार. चुनखडीचा खडकाळ माळ, सीडरची झुडपं, निवडुंग आणि मेस्किट. मेस्किट ही आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्याच कुळातली. काटा बुटाच्या तळव्यातून आत येतो तेव्हा गावाची आठवण होते. शेळ्यांच्या संख्येत टेक्सास अमेरिकेत पहिला आहे आणि हा पट्टा त्यासाठी जुना प्रसिद्ध. पूर्वी इथे मोहेर लोकरीसाठी अंगोरा शेळ्या असायच्या, १९९३ पासून मांसासाठी बोअर जात आली. कायोटी इथे साधारण १० ते १८ किलोचा भरतो, म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा मोठा, लांडग्यापेक्षा बराच लहान. मोठ्या बोकडाच्या वाटेला तो सहसा जात नाही. नुकतं जन्मलेलं करडू मात्र त्याला आयतंच मिळतं.

कायद्याचं इथेच उरकतो, कारण ओळखीतले मराठी लोक पहिलं तेच विचारतात. टेक्सासमध्ये कायोटीला बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, आणि खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीनं रात्री लाइट लावून शिकार चालते. हंटिंग लायसन्स काढावं लागतं, रहिवाशाला ते २५ डॉलरला पडतं. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. सार्वजनिक रस्त्यावरून गोळी झाडायची नाही. गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, आधी कळवायची सक्ती नाही, पण आम्ही कळवतो. माळावर लाइट फिरताना दिसला की कुणीतरी फोन करतंच, आणि मग त्या बिचाऱ्याला रात्री एक वाजता गाडी काढावी लागते. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असाल तर नीट वाचा: बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे आणि वैध हंटिंग लायसन्स हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथला नियम वेगळा असणार असंच धरून चाला.

आता कॉलर. हा म्हणजे स्पीकर, आत आवाज भरलेले, आणि हातात रिमोट. टेक्सासवाल्यांना या वेडाचा जुना वारसा आहे. मार्बल फॉल्सचे बर्नहॅम बंधू तोंडानं वाजवायचे कॉल विकायचे, वेकोच्या जॉनी स्टुअर्टनं जनावरांचे खरे आवाज रेकॉर्डवर आणले. आज तेच सगळं एका डब्यात बसलंय. मी फॉक्सप्रो घेतला त्याचं कारण रिमोट. हातमोजे घालून बटणं दाबता येतात आणि स्क्रीनचा उजेड पार कमी करता येतो. गोळीचा आवाज ऐकून कॉलर आपोआप दुसरा आवाज लावतो, अशी एक सोय यात आहे, फॉक्सबँग नावाची. घेताना मी ती जाहिरातबाजी समजत होतो. पण जोडीनं आलेल्यांपैकी एक पडला की दुसरा पळत सुटतो, आणि त्या वेळी आपले दोन्ही हात रायफलवर असतात. रिमोट शोधायला तिसरा हात कुठून आणणार? मागून लगेच पिल्लाचं केकाटणं सुरू झालं की पळणारा बऱ्याचदा थबकतो, वळून बघतो.

आवाजांची यादी शेकड्यांत असते, लागतात पाच-सहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या वर्षीची पोरं आईबापांपासून सुटून एकटी फिरत असतात. त्यांना सशाचं किंचाळणं पुरतं, पळत येतात. जानेवारीपासून जोड्या जमतात, तेव्हा सशाला कुणी विचारत नाही. मादीची लांब कूक लावायची आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं नवख्याला जमत नाही, बोट सारखं रिमोटकडे जातं. सुरुवात कायम हळू आवाजात करायची, कारण जनावर कधी कधी शंभर यार्डांवरच झोपलेलं असतं. एका जागी मी वीसेक मिनिटं देतो, मग अर्धा-पाऊण मैल पुढे.

शेळ्यांच्या रँचवर करडाच्या ओरडण्याचा आवाज लावू नका. तो यादीत आहे, चांगला खणखणीत आहे, आणि त्याला सगळ्यात आधी येतात त्या शेळ्या. त्यांच्या मागून त्यांची कुत्री.

तोंडानं वाजवायचा कॉल पंधरा-वीस डॉलरला मिळतो आणि खिशात असावाच. अडचण एवढीच की आवाज आपल्या तोंडातून निघतो, म्हणून येणारं जनावर नेमकं आपल्यावर नजर लावून येतं. कॉलर साठ-सत्तर यार्ड लांब ठेवला की त्याची नजर तिकडे राहते. ठेवायचा कुठे, हे वाऱ्यावर. कायोटी शेवटच्या टप्प्यात वळसा घेऊन वाऱ्याखाली जातो, वास घेऊन खात्री करायला. म्हणून वारा आडवा घ्यायचा आणि वाऱ्याखालची बाजू झुडपांची नको, उघडी हवी, म्हणजे तो वळसा आपल्यासमोरच पडतो. वारा बघायला टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवतो. अ‍ॅप सांगतं तो गावाचा वारा, ओढ्यातला नव्हे.

आणि आता लाइट, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

लाल का, तर कुत्र्याच्या जातीच्या जनावरांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात आणि लाल प्रकाश त्यांना मंद दिसतो. मंद म्हणजे अदृश्य नाही. पूर्ण जोराचा झोत थेट तोंडावर मारला की लाल असला तरी जनावर बिचकतं. झोताचा मधला प्रखर भाग जनावराच्या वर ठेवायचा आणि कडेच्या अंधूक वलयात त्याला पकडायचं. डोळे तेवढ्यानंही चमकतात, कारण पडद्यामागचा थर प्रकाश परत फेकतो. शोधताना हेडलॅम्प सतत चालू आणि सतत फिरता हवा. मधूनच बंद करून पुन्हा लावला की नेमका तो उघड-मीट करणारा उजेड जनावराच्या लक्षात येतो.

माझा पहिला लाइट ऑनलाइन घेतलेला, नाव सांगत नाही. खोक्यावर रेंज हजार यार्ड. हजार यार्डांवर डोळे चमकलेले दिसतही असतील. दीडशे यार्डांवर त्या डोळ्यांमागचं अंग दिसत नव्हतं. शिवाय बटण असं की प्रत्येक पायरीला टक्क. शांत थंड रात्री तो आवाज मलाच दचकवायचा. गारठ्यात बॅटरी तासाभरात मान टाकायची ते वेगळंच. परत पाठवायला गेलो तर मुदत संपलेली. दुसरा लाइट जवळजवळ तिप्पट किमतीचा घेतला. त्याला पायऱ्यांचं बटण नाही, गोल फिरवायचा नॉब आहे. उजेड आवाज न करता शून्यापासून चढतो, झोत लांब-आखूड करता येतो आणि लालवरून पांढऱ्यावर जाता येतं. १८६५० मापाच्या सुट्या बॅटऱ्या चालतात. एक जोडी मी अंगातल्या खिशात ऊबेला ठेवतो.

पांढरा कशाला? ओळखायला. लाल उजेडात सगळ्यांचेच डोळे लालसर-केशरी दिसतात आणि रंगावरून काही कळत नाही. मग चालीवरून ठरवायचं. हरणाचे डोळे उंचावर, एकमेकांपासून लांब, जागेवर स्थिर; मधूनच मिटतात. सशाचा बहुतेक वेळा एकच डोळा दिसतो आणि तो उड्या मारतो. गाई तर आवाज ऐकून कुतूहलानं रांगेनं येतात, डोळ्यांची माळच दिसते. जवळच्या गवतात बारीक ठिपके दिसले तर ते कोळी. कायोटीचे डोळे जमिनीलगत, जवळ-जवळ, वर-खाली होत येतात; मध्येच विझतात कारण तो बाजूला बघतो, आणि दहा पावलं पलीकडे पुन्हा लागतात. इथल्या कोल्ह्याचंही (फॉक्स) बरंचसं असंच, फक्त आणखी खाली आणि आणखी चपळ.

आणि शेळ्या राखणाऱ्या कुत्र्यांचंही असंच. या भागात कळपाबरोबर ग्रेट पिरनीज किंवा अनाटोलियन कुत्री सोडलेली असतात, रात्रभर कळपातच राहतात. आमच्या सोलापूरकडे धनगराची कुत्री लांडग्यापासून मेंढरं राखतात, काम तेच. अशा कुत्र्याला कॉलरवर पिल्लाचं केकाटणं ऐकू आलं की ते चौकशीला येणारच. दीडशे यार्डांवर दोन डोळे, खाली, डुलत येणारे. मालकाचा नियम एकच: "आधी कुत्रं नाही हे तोंडानं सांग, मग सेफ्टीला हात लाव." (सेफ्टी म्हणजे रायफल चुकून उडू नये म्हणूनचा खटका.) मोठ्यानं सांगायचं, शेजारी बसलेल्यानंही. डिसेंबरात असे दोन डोळे ओढ्याच्या कडेनं सरळ आमच्याकडे आले. वळसा नाही, थांबणं नाही, वाऱ्याची फिकीर नाही. मी नॉब फिरवून पांढरा उजेड टाकला तर पिरनीज, शेपटी वर, पाठीवर गोखरू चिकटलेले. येऊन कॉलर हुंगला, त्याच्यावर पाय वर केला आणि गेला. कॉलर त्यानंतरही उत्तम चालतोय, टिकाऊपणाबद्दल एवढं पुरे.

कायोटीचं लक्ष वेधायला कॉलरशेजारी हलणारं नकली शेपूट लावलं तर मोठी शिंगी घुबडं झडप घालतात, पंखांचा आवाज येतच नाही. इथे सगळी घुबडं कायद्यानं संरक्षित आहेत, तेव्हा शेपूट उचलायचं आणि जागा बदलायची.

गोळीबद्दल फार लिहीत नाही. .२२३ मध्ये ५५ ग्रेन वजनाची गोळी दोनशे यार्डांच्या आत पुरते, आणि रात्री मी त्यापलीकडे मारत नाही. दिवसा येऊन प्रत्येक जागेवरून कुठल्या दिशेला टेकडी आहे आणि कुठे शेजाऱ्याचं घर, हे बघून ठेवायचं. अंधारात मोकळा माळ आणि घरामागचं कुंपण सारखंच दिसतं. मेलेल्या जनावराला हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. कायोटींमधून पसरणारा रेबीज दक्षिण टेक्सासात इतका वाढला होता की १९९५ पासून राज्य सरकार विमानातून लशीची आमिषं टाकतंय. त्यानं तो प्रकार संपला, पण पिसवा आणि खरूज आहेतच.

"एवढं मारून कायोटी कमी झाले का?" घरून हा प्रश्न दर रविवारी येतो. नाही झाले, होणारही नाहीत. कॅलिफोर्नियातल्या १९७५ च्या एका अभ्यासाचा हिशेब असा होता की दरवर्षी ७५ टक्के मारले तरी ते संपायला पन्नासेक वर्षं लागतील. संख्या घटली की उरलेल्यांना पिल्लं जास्त होतात आणि जगतातही जास्त. मालकाला हे माझ्याआधीपासून ठाऊक आहे. त्याला रँचवरचे सगळे कायोटी नको आहेत, शेळ्या व्यायच्या आठवड्यांत त्या कुरणाभोवती घोटाळणारे नको आहेत. तेवढ्यासाठी कॉलर उपयोगाचा. वर्षभर काम करतात ती कुंपण आणि कुत्री.

राहिलं थर्मल, म्हणजे अंगाची ऊब दाखवणारी दुर्बीण. चांगली थर्मल दुर्बीण दोन हजार डॉलरच्या पुढे जाते आणि शोधायला तिच्याइतकं काही नाही. उसनी घेऊन बघितली, झुडपामागचा ससासुद्धा पांढरा ठिपका होऊन दिसतो. पुढच्या सीझनला हेडलॅम्पच्या जागी बहुधा घेईन. रायफलवरचा लाइट मात्र काढणार नाही. मालकानं सगळ्या कुत्र्यांच्या गळ्यात उजेड परतवणारे पट्टे बांधलेत. लाइट पडला की ते लखकन चमकतात. थर्मलला फक्त ऊब दिसते, पट्टा चमकलेला दिसत नाही.