तानपुरा-तबला अ‍ॅप शाळेच्या वर्गात: जून ते दिवाळीचा अनुभव

ठाण्यातल्या शाळेत पाचवी ते सातवीच्या गायनाच्या तासाला फोनवरचं तानपुरा-तबला अ‍ॅप आणि एक बऱ्यापैकी स्पीकर जूनपासून वापरात आहे. अ‍ॅप ठेवण्यासारखंच आहे. त्यातला सूर दाखवणारा काटा मात्र बंद ठेवा.

हा काटा टेंपर्ड स्केलवर, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या स्वररचनेवर बेतलेला असतो, पेटीसारखाच. तानपुऱ्याच्या खर्जातून (सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून) आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार त्याहून सुमारे १४ सेंट उतरा असतो (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट). म्हणजे तानपुरा नीट ऐकून गाणाऱ्या मुलीलाच काटा कणसूर (किंचित बेसूर) ठरवतो, आणि ती बिचारी चांगला लागलेला गंधार वर ताणते. भूप राग शिकवताना हे हमखास होतं. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा, तिथे काटा चालेल.

मुलं-मुली एकत्र गाणार असतील तर काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून) बरी पडते. शाळेची जुनी पेटी बहुधा नेमकी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर नसते आणि ती वर्गात जुळवता येत नाही, म्हणून अ‍ॅप हलवायचं. पेटीचा सा धरून ठेवा, तानपुरा सुरू करा आणि आवाजातली लाट ऐका. काळी पाचला १० सेंटचा फरक असेल तर तीन सेकंदांत साधारण चार आंदोलनं (आवाजाचे चढउतार) येतात. ती थांबेपर्यंत एकेक सेंट सरकवा.

ब्लूटूथचा आवाज बऱ्याचदा ०.१ ते ०.२ सेकंद मागून येतो. नुसतं ऐकून गाताना काही बिघडत नाही, सगळ्यांना तोच आवाज ऐकू येतो. पण स्मार्ट बोर्डवर मात्रा उजळत असतील तर त्रितालाची सम (पहिली मात्रा) डोळ्याला आधी आणि कानाला नंतर! अर्धा वर्ग पडद्याबरोबर टाळी देतो, अर्धा तबल्याबरोबर. ३.५ मिलिमीटर जॅकची वायर लावली की प्रश्न मिटतो.

खिडक्या घोडबंदर रोडकडे असतील तर छोट्या स्पीकरचा खर्ज गाड्यांच्या घरघरीत बुडतो. आवाज वाढवू नका, मुलं ओरडून गायला लागतात. स्पीकर दोन भिंतींच्या कोपऱ्यात सरकवा, खर्ज भरीव होतो.

घरच्या रियाजासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज नको, डग्ग्याची घुमक जाते. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ कॉलवर तर गोंगाट कमी करणारी सोय तानपुऱ्यालाच गोंगाट समजून पुसून टाकते, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागते. आणि तास सुरू होण्याआधी फोन फ्लाइट मोडवर.